गाळावर वसलेलं पाखरांचं गाव

मुलांनो, आज सुरुवातीलाच एक कोडं घालते. एका नदीवर बंधारा बांधला, पाणी साठवायला. पण वर्षं गेली तशी पाण्याबरोबर मातीही येऊन बसू लागली. पाण्याची जागा मातीनं अडवली आणि बंधारा उथळ झाला. आता सांगा पाहू, हे चांगलं झालं की वाईट?

माझ्या चौथीच्या वर्गात हे विचारलं, तेव्हा सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "वाईट!" हिशेबानं पाहिलं तर उत्तर बरोबर आहे. पाणी साठवायचं भांडं मातीनं भरलं, तर त्यात पाणी मावणार कुठून? तरीही मी वर्गाला पैकीच्या पैकी गुण दिले नाहीत. अर्धेच दिले. कारण त्याच बंधाऱ्यावर दर हिवाळ्यात हजारो पक्षी उतरतात, आणि ते उतरतात त्या मातीमुळेच! उरलेले अर्धे गुण कुणाला द्यायचे ते मात्र माझं मलाही नीट ठरवता आलेलं नाही. का, ते पुढे सांगतेच.

हा बंधारा म्हणजे नांदूर मध्यमेश्वर. नाशिक जिल्ह्यात, निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवा या नद्यांच्या संगमापाशी. पावसाळ्यात तुमचे बाबा बातम्या ऐकत असतील, तर हे नाव तुमच्या कानावरून नक्की गेलं असेल. 'नांदूर मध्यमेश्वरमधून जायकवाडीकडे इतके हजार क्युसेक पाणी सोडले' असं सांगतात ना, तोच हा. इंग्रजांच्या काळात, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो बांधला. सह्याद्रीच्या माथ्यावर, त्र्यंबकेश्वर-इगतपुरीकडे पाऊस धो धो कोसळतो, पण ढग निफाड-सिन्नरपर्यंत येईतो त्यांचं पाणी सरत आलेलं असतं. म्हणून वरून आलेलं पाणी इथे अडवायचं आणि दोन कालव्यांनी पुढे न्यायचं, अशी ती योजना. गोदावरी डावा कालवा आणि गोदावरी उजवा कालवा. कोपरगाव-राहात्याकडचा ऊस याच पाण्यावर उभा राहिला. आजही कालव्याला आवर्तन सुटलं की तिकडच्या शेतकऱ्यांची धांदल उडते.

म्हणजे पाहा, पक्ष्यांचा विचार त्या वेळी कुणाच्या मनातही नसणार. पक्षी आले ते आमंत्रणाशिवाय.

आता ही माती आली कुठून आणि थांबली का, ते समजून घ्यायचं असेल तर घरी एक प्रयोग करा. एका काचेच्या बरणीत पाऊण भाग पाणी घ्या, दोन मुठी माती टाका, झाकण घट्ट लावा आणि जोरात हलवा. पाणी ढवळत राहील तोवर माती त्यात तरंगत राहते. बरणी टेबलावर ठेवली की मात्र आधी खडे, मग वाळू, मग बारीक माती अशी खाली बसू लागते. अगदी बारीक कण तर दुसऱ्या दिवसापर्यंत तसेच तरंगत असतात. नदीचंही असंच. पावसाळ्यात ती शेतांची, डोंगरांची माती घेऊन धावत येते. बंधाऱ्यापाशी तिला थांबावं लागतं. पाणी थांबलं की हातातलं ओझं खाली ठेवणारच! असं शंभराहून अधिक वर्षं चाललं आहे. त्यातून पाण्यात बेटं तयार झाली, काठाला दलदल झाली, दलदलीत पाणकणीस आणि गवत माजलं आणि बेटांवर बाभळी उगवल्या.

उथळ पाणी पक्ष्यांना एवढं का आवडतं? सोपं आहे. पाणी गुडघाभर असलं की ऊन तळापर्यंत पोचतं. ऊन पोचलं की तळाशी शेवाळं आणि पाणवनस्पती वाढतात. त्यावर किडे, गोगलगायी, छोटे मासे पोसले जातात. शिवाय पुष्कळशी बदकं खोल बुडी मारतच नाहीत. ती नुसती डोकं खाली आणि शेपटी वर करून, जिथवर चोच पोचेल तिथवरचं खातात. खोल धरण म्हणजे त्यांच्यासाठी उंच फळीवर ठेवलेला लाडवांचा डबा. दिसतो, पण हात पोचत नाही.

आता सहलीकडे वळते. आधी आमची पहिली खेप कशी फसली ते सांगते, म्हणजे तुमचं तसं होणार नाही. त्या रविवारी आम्ही सावकाश, पोहे खाऊन, नऊ वाजता नाशिक सोडलं. पोचायला अकरा. आमच्या धाकटीनं हट्टानं लालभडक फ्रॉक घातलेला. थोरल्याच्या हातात वेफर्सची पाकिटं, आणि ती फोडताना होणारा तो आवाज! ऊन चढलेलं, पाण्यावर नुसती चकाकी, आणि पक्षी सगळे लांब, काळ्या ठिपक्यांसारखे. सासूबाई म्हणाल्या, "यापेक्षा आपल्या विहिरीवरची पारवी बरी, निदान ती दिसतात तरी." काय उत्तर देणार? चूक सगळी आमचीच होती.

दुसऱ्या खेपेला शहाणपण आलं. जानेवारीचा महिना. अंधारातच निघालो. स्वेटर मातकट रंगाचे, खाऊ डब्यात, पाकीट एकही नाही. नाशिकहून अंतर साधारण चाळीस किलोमीटर. आम्ही चांदोरी-सायखेड्यावरून गेलो. सायखेड्याच्या पुलावर गोदावरीवरचं धुकं इतकं दाट होतं, की नदी कुठे आणि काठ कुठे ते कळेना. चापडगावला वनखात्याचं केंद्र आहे, तिथून पायवाट सुरू होते. तिथे तिकीट काढायचं. दुर्बीण भाड्यानं मिळते आणि आजूबाजूच्या गावांतली तरुण मुलं वाटाड्या म्हणून बरोबर येतात. पालकांना माझं सांगणं एवढंच, की तिथे पोचल्यावर पैसे वाचवायचे असतील तर खाण्यावरचे वाचवा, वाटाड्यावरचे नको. आपल्याला जिथे नुसतं गवत दिसतं, तिथे त्यांना तीन पक्षी दिसतात.

आमच्याबरोबर आलेला दादा विशी-बाविशीचा असेल. खांद्यावर तीन पायांच्या घोडीसकट मोठी दुर्बीण. त्यानं सगळ्यात आधी सासूबाईंकडे पाहिलं. "आजी, चालवेल ना? वाट सपाट आहे. घाई नाही आपल्याला. पाखरं कुठं जात नाहीत."

वाट खरंच सोपी आहे. चढ नाही, उतार नाही. एका बाजूला पाणी, एका बाजूला झाडं, मध्येच शेतं, आणि थोड्या थोड्या अंतरावर निरीक्षणासाठी मनोरे. रमतगमत जाऊन यायला आम्हाला तीन तास लागले, पण त्यातला चालण्याचा वेळ फार तर तासभर. बाकी सगळा उभं राहण्याचा. हे उभं राहणं लहान मुलांना जड जातं, हे मी शिक्षिका असल्यामुळे चांगलंच जाणते. दादाची युक्ती चांगली होती. तो मुलांना पक्षी दाखवतच नव्हता, आधी नाव सांगत होता आणि मग म्हणायचा, "आता ओळख, यातला तो कोण?"

"यातला वारकरी कोण?" त्यानं विचारलं.

पाण्यावर शंभरेक काळे पक्षी पोहत होते. सगळ्यांच्या कपाळावर पांढरा ठिपका, जणू नुकताच गोपीचंदनाचा टिळा लावला आहे. "हेच! हेच वारकरी!" धाकटी ओरडली आणि लगेच स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. सासूबाईंना हे नाव इतकं आवडलं, की पुढे वाटेत जिथे वारकरी दिसले तिथे त्या हळूच "रामकृष्णहरी" म्हणत होत्या.

मराठीत पक्ष्यांना नावं ठेवणारी माणसं मोठी मिश्कील असली पाहिजेत. हळदी-कुंकू बदकाची चोच पाहा, काळ्या चोचीच्या टोकाला हळद लावलेली आणि कपाळाशी कुंकवाची दोन बोटं. थापट्या बदकाची चोच पुढे रुंद, थापीसारखी. ती पाण्यावर पसरून तो पुढे पुढे जात राहतो, आणि चोचीच्या कडेला असलेल्या कंगव्यासारख्या दातऱ्यांतून पाणी बाहेर जाऊन खाऊ आत राहतो. पिठाची चाळणीच म्हणा ना. शेकाट्याचे पाय लांबलचक, गुलाबी, काटकीसारखे. टिबुकली तर तुमच्या नजरेला नजर मिळाली की टुबुक्! गेली पाण्याखाली. ती कुठून वर येणार यावर थोरल्यानं आणि दादानं पैज लावली. दोघेही हरले.

मी वर्गात चोचींचे प्रकार फळ्यावर काढून शिकवते. चिमण्यांची चोच, पोपटाची चोच, बदकाची चोच. मुलं पाठ करतात, मी बरोबरची खूण करते. पण इथे एका नजरेच्या टप्प्यात जे दिसलं, ते माझ्या फळ्यावर कधी मावलं नाही. काठालगत, बोटभर पाण्यात शेकाट्या टोच्या मारत होता. थोडं पुढे गुडघाभर पाण्यात उघड्या चोचीचा करकोचा उभा होता. याच्या दोन्ही चोची मिटल्या तरी मध्ये फट राहते. तो गोगलगायी खाणारा. गंमत म्हणजे त्याच्या पिल्लांच्या चोचीत ही फट नसते, मोठं होता होता ती पडते. त्याच्याही पुढे बदकं, आणि अगदी मोकळ्या खोल पाण्यात पाणकावळे बुड्या मारत होते. म्हणजे गाळानं पाण्याच्या जणू पायऱ्या केल्या आहेत, आणि प्रत्येक पायरीवर वेगळं बिऱ्हाड. कुणी कुणाच्या ताटात हात घालत नाही. निदान फारसा नाही.

पाणकणसाच्या बेटात जांभळी पाणकोंबडी होती. लाल चोच, लाल कपाळ, जांभळं-निळं अंग. ती गवताचा कोंब पायात धरून, उभ्यानं, चक्क ऊस सोलावा तसा सोलून खात होती. शेजारी कमळपक्षी पानांवरून चालत होता. त्याच्या पायाची बोटं इतकी लांब असतात, की अंगाचा भार पसरला जातो आणि पान बुडत नाही. तुम्ही चिखलात फळी टाकून तिच्यावरून चालता ना, तोच हिशेब.

इतक्यात सगळीकडे एकच गडबड उडाली. विखुरलेले वारकरी भराभर एकमेकांना चिकटले आणि त्यांचा एक काळा गोळा झाला. दादानं आकाशाकडे बोट केलं. गवतावरून अगदी खालून, पंख इंग्रजी 'व्ही'सारखे धरून, एक तपकिरी शिकारी पक्षी तरंगत येत होता. तो भोवत्या. दलदलीवर घिरट्या घालून तो एखादा दुबळा, एकटा पडलेला पक्षी शोधतो. त्या घोळक्यावरून तो दोनदा गेला. आम्ही श्वास रोखून पाहत होतो. तिसऱ्यांदा तो वळला आणि दूर निघून गेला. घोळका सैल व्हायला पाच मिनिटं लागली. "ह्यालाच म्हणायचं दिंडी," सासूबाई म्हणाल्या.

हिवाळ्यातले हे पुष्कळसे पाहुणे हिमालयापलीकडून, मध्य आशियातून आणि सायबेरियाकडून येतात. त्यांच्यातला पट्टकदंब हा राजहंसाच्या कुळातला पक्षी हिमालय ओलांडताना ७००० मीटरहून अधिक उंचीवरून उडाल्याची नोंद शास्त्रज्ञांनी केली आहे. एवढ्या उंचीवर गिर्यारोहकांना दोन पावलं टाकली तरी धाप लागते! तो इथे कधी कधी येतो. आम्हाला त्या दिवशी दिसला नाही. फ्लेमिंगो म्हणजे रोहित पक्षीही दर वर्षी येतोच असं नाही. तेव्हा 'अमुकच पक्षी पाहायचा' असं ठरवून जाऊ नका, हिरमोड होईल.

दुसऱ्या मनोऱ्यानंतर वाट झाडीत शिरते. बाभळी, चिंचा, लिंब, करंज. नदीकाठचं हे रान फार दाट नाही, पण पाण्याचं आणि त्याचं नातं मोठं आहे. झाडांची मुळं काठ धरून ठेवतात. संध्याकाळी बगळे आणि पाणकावळे मुक्कामाला झाडांवरच येतात. पाण्यावर झुकलेल्या बाभळींना सुगरणीचे जुने खोपे लटकत होते. काटे आणि खाली पाणी, सापाला चढायची पंचाईत! झाडीत शिरलं की आवाजही बदलतात. पाण्यावर सगळा कलकलाट, इथे एकेकट्याचं बोलणं. हळद्या एकदाच चमकून गेला. हुदहुद वाटेवरच्या मातीत चोच खुपसत होता. चिंचेच्या ढोलीत पिंगळा बसला होता, तो आधी आमच्या धाकटीला दिसला, दादालाही नाही. तिच्या तोंडावरचा तेव्हाचा आनंद काय सांगू! घरी येईपर्यंत "माझा पिंगळा" असंच चाललं होतं.

झाडीच्या पलीकडे उसाचे फड आहेत. दादानं बजावलं, उसात शिरायचं नाही, मुलांनी पुढे पळायचं नाही आणि अंधार पडायच्या आत परत फिरायचं. या भागात बिबट्याचा वावर आहे. घाबरून जाण्यासारखं काही नाही, पण पालकांनी हे विसरू नये.

१९८६ साली या परिसराला अभयारण्याचा दर्जा मिळाला. क्षेत्र सुमारे १०० चौरस किलोमीटर. त्यात पाणी आहे तशी माणसांची गावं आणि शेतंही आहेत. पुढे जानेवारी २०२० मध्ये एक मोठी बातमी आली. नांदूर मध्यमेश्वरचा १४३७ हेक्टरांचा भाग 'रामसर' यादीत गेल्याचं जाहीर झालं. रामसर हे इराणमधलं एक गाव. तिथे २ फेब्रुवारी १९७१ रोजी पाणथळ जागा जपण्याचा आंतरराष्ट्रीय करार झाला. म्हणून २ फेब्रुवारी हा जागतिक पाणथळ दिन. या यादीत जाणारी महाराष्ट्रातली ही पहिली जागा. त्याच वर्षी नोव्हेंबरात लोणार सरोवर आणि २०२२ मध्ये ठाण्याची खाडी तिच्या पाठोपाठ गेली. रामसरच्या नोंदीत इथल्या प्राण्या-वनस्पतींच्या ५३६ जाती आहेत. त्यात बिबट्या आहे, चंदन आहे, गिधाडं आहेत आणि एक चिमुकला मासा आहे, त्याचं नाव नाशिकजवळच्या देवळालीवरून पडलंय. तो मासा जगातून नाहीसा होण्याच्या बेतात आहे. वाघ-सिंहांची काळजी सगळे करतात, बोटाएवढ्या माशाची कोण करणार?

त्याच नोंदीत इथल्या संकटांचीही नावं आहेत. एक आम्हाला समोरच दिसलं. पाण्यावर हिरवा गालिचा आणि त्यावर जांभळी फुलं. थोरला म्हणाला, "केवढी छान!" ती पाणवेल, म्हणजे जलपर्णी. मूळची दक्षिण अमेरिकेची. शहरांचं सांडपाणी नदीत येतं, त्यातलं खत खाऊन ती बेसुमार वाढते आणि पुराबरोबर वाहत येऊन इथे अडकते. तिच्याखाली ऊन पोचत नाही, आणि ऊन नाही तर पुढचं सगळंच अडलं. बरणीतला प्रयोग केलात की तिच्यावर जाड कापड टाकून पाहा, म्हणजे कळेल. आपण घरात भांडी घासतो, कपडे धुतो, ते पाणी कुठे जातं हे नाशिककरांनी, म्हणजे आम्हीच, एकदा इथे येऊन पाहायला हवं.

परतीच्या वाटेवर सासूबाई मनोऱ्याच्या पायरीवर टेकल्या. डबे उघडले. मेथीचे पराठे आणि लिंबाचं लोणचं. दादानं आढेवेढे घेतले, पण आजीपुढे चाललं नाही. खाता खाता मी त्याला माझ्या वर्गाचं कोडं सांगितलं आणि म्हटलं, "या गाळामुळेच एवढं सगळं फुललंय, नाही?"

तो थोडा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "मॅडम, तुम्ही येताना सायखेड्यावरून आलात ना? तिथं माझा मामा राहतो. २०१९ च्या ऑगस्टात पूर आला, तेव्हा त्याच्या घरात उंबऱ्याच्या वर चार फूट पाणी होतं. कांदा गेला, पोरांची दप्तरं गेली. चांदोरीत तर त्याहून वाईट. तिथली माणसं म्हणतात, खाली बंधाऱ्यात गाळ भरलाय, म्हणून पाण्याला फुगवटा येतो आणि ते आमच्या घरात शिरतं. गाळ काढा. दर पावसाळ्यात तेच मागणं."

"आणि तू काय म्हणतोस?" यांनी विचारलं.

"मी मामाकडे गेलो की गप्प बसतो," तो हसून म्हणाला, पण ते हसणं काही खरं नव्हतं. "मामा म्हणतो, तुझी पाखरं माझ्या घरात पाणी घालतात. त्याचं तरी काय चुकतं? आणि सगळा गाळ काढला तर इथं राहील काय? नुसतं खोल पाणी. मग मी कुणाला काय दाखवू?"

थोरला सातवीत आहे. त्याला लगेच उपाय सुचला. "नदीची मूळ वाट असते ना, मधली, तेवढीच खोल करायची. म्हणजे पुराचं पाणी पटकन निघून जाईल. आणि कडेचा उथळ भाग तसाच ठेवायचा."

"बोलायला सोपं आहे," दादा म्हणाला. "मधलं कुठं संपतं आणि कडा कुठं सुरू होते, ते ठरवायचं कुणी? पाखरं रेघ बघून बसत नाहीत. आणि काढलेला गाळ टाकायचा कुठं? शेतकरी नेतील थोडा, काळी माती आहे, चांगली आहे. बाकीचा?" मग जरा थांबून म्हणाला, "पण तू म्हणतोस तसं व्हावं. असं मलापण वाटतं."

थोरल्याची मान थोडी ताठ झाली. एरवी त्याच्या सूचना घरात कोण ऐकतं! मला मात्र माझ्या वर्गाची आठवण झाली. "वाईट!" म्हणून ओरडणारी ती चाळीस पोरं. त्यातल्या कुणाचा मामा सायखेड्याला असेल तर? त्याचे मी अर्धे गुण कापले होते.

धाकटी इतका वेळ पराठ्याचे तुकडे करून मुंग्यांना घालत होती. तिनं मान वर केली आणि विचारलं, "दादा, मग तू कुणाच्या बाजूनं? मामाच्या की पाखरांच्या?"

दादानं हात झटकले, उठून घोडीवरची दुर्बीण हळूच फिरवली आणि तिची उंची धाकटीच्या डोळ्याइतकी खाली आणली. "आधी हे बघ. लवकर."

तिच्यानंतर मीही पाहिलं. सात पांढरेशुभ्र पक्षी एका ओळीत उभे होते. प्रत्येकाची चोच टोकाला चपटी, गोल, हुबेहूब चमच्यासारखी. चोच अर्धी उघडी ठेवून ते पाण्यात डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फिरवत होते आणि पाऊल पाऊल पुढे येत होते. काही लागलं की चोच मिटते. पाणी जेमतेम त्यांच्या गुडघ्यापर्यंत होतं. तळाचा गाळ ढवळून त्यांच्या मागे एक मातकट पट्टा तयार होत होता.

"चमचे," दादा म्हणाला.

सासूबाई पायरीवरून उठल्या. "मला बघू दे गं," म्हणत त्यांनी चष्मा काढला आणि डोळा दुर्बिणीला लावला. किती तरी वेळ त्या बाजूला झाल्याच नाहीत. मागे धाकटी रांगेत उभी होती, दुसऱ्यांदा पाहायला.